नजमाचं ‘अजून नाही’

नजमा सोलकर पहिल्यांदा आमच्या कारखान्यात आली ती बर्फ मागायला नव्हे, वीज मागायला.

मिरकरवाड्याच्या जेटीवरून वर आलं की आमचा बर्फाचा कारखाना लागतो. नवरा मुंबईत बोटींच्या इंजिनांचा धंदा बघतो, कारखाना मी बघते. बोटी बर्फ भरायच्या घाईत होत्या, बर्फ फोडणारा क्रशर चालू होता, आणि ही कमरेला ओढणी खोचलेली काटकुळी बाई थेट टेबलापाशी येऊन ओरडून विचारू लागली, "वहिनी, लाइट गेली तर तुमचा जनरेटर किती वेळात चालू होतो?"

"गिऱ्हाईक असाल तर सांगते," मी म्हटलं.

"गिऱ्हाईक नाही, भाडेकरू."

गावातल्या एका कॉलेजात ती जीवशास्त्र शिकवायची. आधी पुण्याला संशोधन करत होती आणि तिथल्या लोकांबरोबरचं काम इथूनही चालू होतं. त्यासाठी तिच्याकडे एक फ्रीजर होता, गोदरेजच्या कपाटाएवढा, आत उणे ऐंशी अंश. कॉलेजातली वीज गेली की तिच्या वस्तू खराब व्हायच्या. रत्नागिरीत वीज गेल्यावर धावपळ कुठे होते याचा तिनं शोध घेतला होता, आणि सगळ्यांनी तिला बर्फवाल्यांकडे पाठवलं होतं. मला हा विचार पटला. मी कोपरा दिला.

टेम्पोतून कपाट उतरलं तेव्हा आमचा मुकादम दत्ताराम आकड्याकडे बघत राहिला. "उणे ऐंशी? मॅडम, आमचा बर्फ लाजंल हो."

"आत काय ठेवणार?" मी विचारलं.

"उंदरांचे डोळे. आणि औषध."

"कशावरचं?"

"औषध अजून नाही. व्हायचंय."

‘अजून नाही’ हे तिचं पालुपद होतं. प्रयोग झाला का? अजून नाही. पगार झाला? अजून नाही. जेवलीस? अजून नाही. चिडून नाही, रडून नाही, बसची वेळ सांगावी तसं सांगायची.

दुसरी तिची सवय हातांची. ती कशालाच हात लावायची नाही. ज्या रेणूंवर तिचं काम चालायचं ते इतके नाजूक, की बोटाच्या घामानंसुद्धा तुटतात. त्यामुळे कपाट उघडायच्या आधी हातमोजे, बंद केल्यावर ते फेकून नवे. हे तिच्या इतकं अंगात मुरलं होतं, की जेटीवर मासळी घेतानाही ती पिशवीत हात घालून बांगडा उचलायची. कोळणी हसून बेजार. "मॅडम, वास नाय लागत, घ्या हातात," असं म्हणायच्या. ही म्हणायची, "मला तुमचा नाही लागत, तुमच्या बांगड्याला माझा लागेल." ईदेला मोठ्या डब्यातून शीरखुर्मा आणून तिनं सगळ्या कामगारांना वाढला, तोही हातमोजे घालून. दत्ताराम म्हणाला, "मॅडम, आमचं ऑपरेशन करताय की सण?"

त्याच दत्तारामनं एकदा तिला धरून बसवलं. "कपाट आम्ही सांभाळतो, पण त्यात हाय काय ते तरी कळू दे."

ती बर्फाच्या रिकाम्या साच्यावर बसली. "पेशी म्हणजे तुझी बोट समज. आत इंजिनं असतात, एक नाही, शेकडो. साखर आणि चरबी जाळून चालतात. जुनं इंजिन मोडीत काढा, नवं बसवा, असे हुकूम वरून सुटत असतात. मायक्रोआरएनए म्हणजे वाटेत उभा राहिलेला एक बारकासा माणूस. तो हुकूम पुढे जाऊच देत नाही. आता नको, पुरे, खर्च फार होतो, असं म्हणतो."

"म्हणजे आमच्या वैनी," दत्ताराम म्हणाला. सगळे हसले. मीही हसले, कारण आदल्याच आठवड्यात मी नवा कॉम्प्रेसर नाकारला होता.

"अगदी बरोबर. वहिनी आहेत म्हणून कारखाना चालतो. पण आमच्या घराण्यात डोळ्याच्या नसांतली इंजिनंच कच्ची आहेत. वयात आलेल्या मुलाची एकाएकी बंद पडायला लागतात आणि नस मरते. तिथे वहिनी जरा गप्प बसल्या, तर नवी इंजिनं बसतील, पेशीचं जळण सुधारेल, नस तगेल. मी वहिनींचं तोंड दाबणारा रेणू बनवते."

"मग दाब की," मी म्हटलं. "अडलंय कुठे?"

"वहिनी एकाच कामाला नको म्हणत नाहीत ना. शंभर कामांना म्हणतात. त्यातल्या काहींना नको म्हणायलाच हवं. तोंड दाबलं की तीही सुटतात." मग म्हणाली, "काही उंदरांची नजर टिकली. काही उंदीर मेले. का मेले, ते अजून कळलेलं नाही."

तेव्हापासून कामगार त्या कपाटाला ‘वैनीचं तोंड’ म्हणू लागले. लाइट गेली की आधी वैनीच्या तोंडाला वीज द्यायची, मग क्रशरला.

सोलकर मूळचे पूर्णगडचे. नजमा, तिची आई आणि धाकटा भाऊ इम्तियाज मांडवीला भाड्यानं राहत होते. वडील वारले होते. आईचे तिन्ही भाऊ ऐन तरुणपणी आंधळे झालेले. दोघे दर्यावर्दी होते, त्यातल्या एकाची दृष्टी तर बोटीवर असतानाच गेली. आई सांगायची, पाण्याच्या चकाकीनं गेली. नजमाला माहीत होतं की चकाकी नव्हे. हा दोष आईकडून मुलांत उतरतो. मुलींना फारसा छळत नाही, पण त्यांच्यामार्फत पुढे जातो. आईला तिनं हे कधी सांगितलं नव्हतं. मी कारण विचारलं तर म्हणाली, "सांगून तिच्या हातात काय येणार? नुसतं बसून रडेल."

स्वतःच्या लग्नाचंही तिनं याच हिशेबानं निकालात काढलं होतं. आईनं एकदा कुवेतहून आलेला एक इंजिनियर मुलगा थेट कारखान्यातच पाठवला, कारण ही घरी सापडायची नाही. बिचारा इस्त्रीच्या कपड्यांत, अत्तर लावून, मासळीच्या वासात उभा. नजमानं त्याला खुर्ची दिली, कोकम सरबत दिलं, आणि एका दमात सगळं सांगितलं. मुलं झाली तर त्यांचं काय होऊ शकतं, का होतं, त्यावर इलाज आहे का. तो म्हणाला, "इलाज नाय?" ही म्हणाली, "अजून नाही." त्यानं सरबत अर्धं टाकलं. तो गेल्यावर मी म्हटलं, "जरा आडून सांगायचंस." तर म्हणते, "आडून सांगितलं असतं तर उद्या पुन्हा आला असता. वहिनी, हे माझ्यापर्यंत येऊन थांबू दे. एवढं तरी माझ्या हातात आहे."

इम्तियाज मात्र तिच्या हातात नव्हता. उंच, देखणा, तोंडाळ पोरगा. व्यापारी जहाजांवर खलाशी होता, चार पैसे मिळवून यायचा आणि सुट्टीत आमच्या जेटीवर मित्रांच्या बोटींवर हुंदडायचा. सिगारेट दिसली की नजमा जेटीवर सगळ्यांदेखत त्याच्याशी भांडायची. धुरानं कच्च्या इंजिनांवर आणखी भार पडतो, म्हणायची. तो म्हणायचा, "आपा, तुझे उंदीर ओढत नसतील, म्हणून मरतात." ती हसायची नाही. मित्र हसायचे.

एका सकाळी मी खिडकीतून बघत होते. इम्तियाज जेटीवरून बोटीत उतरत होता. लहानपणापासून हजार वेळा उतरलेला पोरगा, त्याचा पाय काठाच्या अलीकडेच पडला आणि तो गुडघ्यावर आपटला. उठून हसला. थोड्या वेळानं चहा घ्यायला आत आला तेव्हा दत्तारामनं पुढे केलेल्या ग्लासाच्या बाजूला त्यानं हात नेला. मी उठले, त्याच्या डाव्या डोळ्यावर माझा तळवा ठेवला आणि दुसरा हात वर केला. "किती बोटं?"

"वैनी, तुमची बोटं मोजायला डोळे कशाला हवेत?"

"किती?"

त्यानं माझा तळवा डोळ्यावरून बाजूला केला. मग हळूच म्हणाला, "आपाला सांगू नका."

उजव्या डोळ्यानं मधलं काही दिसेनासं होऊन बरेच महिने झाले होते. जहाजावर चढण्याआधी डॉक्टरी तपासणी असते, त्यात डोळे बघतात. आमच्याकडच्या दर्यावर्दी पोरांना ती तपासणी म्हणजे परीक्षा. आधी जाऊन आलेला पुढच्याला अक्षरांचा तक्ता सांगतो. यानं सगळ्या ओळी पाठ केल्या होत्या. चांगला डोळा झाकला तेव्हा आंधळ्या डोळ्यानं घडाघडा म्हणून दाखवल्या आणि पास झाला. जेटीवरच्या निम्म्या पोरांना ठाऊक होतं. ज्या एका बाईनं उमेदीची वर्षं याच दुखण्यात घातली, तिलाच तेवढं ठाऊक नव्हतं.

मी त्याला कबूल केलं नाही आणि त्याच दुपारी नजमाला सांगितलं. ती कपाटाशी उभी होती. हातमोजे काढायचंही तिला सुचलं नाही, तशीच खाली फरशीवर बसली.

"दुसरा?"

"दुसऱ्यानं चांगलं दिसतं म्हणतो."

"आता दिसतं," ती म्हणाली. "एक गेला की मागून दुसरा जातो. महिने मिळतात फार तर. त्यातले बरेच त्यानं तक्ता पाठ करण्यात घालवले."

त्यानंतरची नजमा मी आधी पाहिली नव्हती. परदेशात या आजारावर एक गोळी देतात म्हणतात, ती तिनं कुणाकुणाला भीड घालून मागवली आणि इम्तियाजला चालू केली. फरक दिसला नाही. पुण्याला गेली, मुंबईला गेली. ज्या समित्या नव्या औषधाला माणसावर परवानगी देतात त्यांना भेटली. सगळे तिच्याशी चांगले बोलले, काही जणांच्या डोळ्यांत पाणीही आलं. उत्तर एकच होतं. उंदीर का मेले ते आधी सांगा. आणि ते तर तिलाच माहीत नव्हतं. गाडीतून उतरून ती थेट माझ्याकडे यायची, उभ्या उभ्या काहीतरी खायची आणि म्हणायची, "त्यांचं बरोबर आहे, वहिनी. मी त्या खुर्चीत असते तर मीही हेच म्हटलं असतं. हेच तर वाईट आहे. भांडायलाही कुणी नाही."

आणि औषध तर माझ्या कोपऱ्यात पडलेलं. सगळ्यांना ते माहीत होतं.

एके दिवशी तिची आई आली, इम्तियाजला घेऊन. नजमा कपाट पुसत होती. म्हातारी दारातूनच सुरू झाली. "उंदरांना टोचतंस नि भावाला नाय? उंदीर काय तुझे सोयरे?"

"अम्मा, त्यातले काही मेले."

"मेले तर मेले. हा काय जिता राहणार हाय काय डोळ्यांवाचून? माझ्या भावांना बघितलंस ना ओटीवर बसलेले? कोण विचारत होतं त्यांना? मना सांग, कोणाची नजर लागली माझ्या पोराला? कोणाचं पाप ह्ये?"

नजमानं तोंड उघडलं. मला वाटलं आता सांगते, की अम्मा, हे तुझ्याकडूनच आलं आहे. तिनं तोंड मिटलं. आईकडे बघून नुसती म्हणाली, "कोणाचं नाही."

मग इम्तियाज बोलला, शांतपणे. "आपा, डोळा माझा. मेलो तरी मी मेलो. कागदावर लिहून देतो. तू फक्त टोच."

"डोळ्यात सुई घालायला मी डॉक्टर नाही."

"डॉक्टर मी बघतो."

ते गेल्यावर तिनं कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. "त्याला देऊ नका. अम्माला देऊ नका. आणि मी मागितली तरी देऊ नका."

"हे मला जमणार नाही," मी स्पष्ट सांगितलं. "कपाट तुझं आहे. मी तुझी सासू नाही."

"मग निदान लगेच देऊ नका."

एवढं मी मान्य केलं.

इम्तियाजनं खरोखरच माणूस बघितला. गावाबाहेर दवाखाना थाटलेला, डॉक्टर म्हणवणारा एक इसम पैसे घेऊन डोळ्यात सुई घालायला तयार झाला होता. बाटली आणा, बाकी माझ्यावर सोडा, म्हणाला. ही बातमी जेटीवरूनच माझ्याकडे आली आणि तासाभरात मागोमाग नजमा आली. भर दुपार, बोटी भरायला रांग लागलेली. तिचा चेहरा पांढराफटक.

"किल्ली द्या."

"काय करणार आहेस?"

"माहीत नाही."

"मग बस इथे. माहीत झालं की सांग."

ती बसली. मी बर्फ मोजून देत होते, बोटींचे तांडेल घाई करत होते, क्रशरच्या आवाजात कुणाचं कुणाला ऐकू येत नव्हतं. मधूनच ती माझ्या कानाशी येऊन बोलायची. एकदा म्हणाली, "त्यातले बरेच उंदीर वाचले होते, वहिनी." मी मान हलवली. पुन्हा बसली. नंतर आली नि म्हणाली, "मी स्वतः त्याच्याबरोबर गेले, सगळं स्वच्छ ठेवलं, मात्रा कमी घेतली तर?" मी म्हटलं, "मला विचारू नकोस, मला त्यातलं कळत नाही. तुला कळतं." तिनं माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी तिला मारलंच आहे. आणखी एक बोट भरून झाली. मग ती उठली आणि म्हणाली, "फरशी धुता ती ब्लिचिंग पावडर कुठे असते?"

मी किल्ली दिली. दत्तारामनं बादलीत पावडर कालवून दिली. तिनं हातमोजे घातले, कपाटातून खोका काढला, एकेक कुपी उघडून बादलीत ओतली, आणि कुपीही बादलीतच टाकली. पुन्हा बनवता येणार होतं, पण पैसे नव्यानं मागावे लागले असते, वर्ष तरी गेलं असतं. इम्तियाजच्या डोळ्याला तेवढा वेळ नव्हता. हे तिला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. पावडर जास्त पडली होती. आमच्या सगळ्यांचेच डोळे झोंबत होते, तेव्हा ती रडत होती की नाही ते मला सांगता येणार नाही.

इम्तियाज संध्याकाळी आला. बादली अजून तिथेच होती.

"माझा डोळा ओतलास तू, आपा."

"हो," ती म्हणाली.

त्यानं बादलीला लाथ मारली. पाणी सगळ्या फरशीवर पसरलं आणि मोरीकडे वाहत गेलं. दत्ताराम पुढे सरसावला, तिनं हातानं त्याला थांबवलं.

गणपतीच्या सुमाराला दुसरा डोळा गेला. चार-सहा दिवसांत गेला. म्हातारी तिला जेवायला वाढायची पण बोलायची नाही. इम्तियाजनं तर तिचं नावच टाकलं. ती घरी जायची, तिघं एका खोलीत बसायची आणि दोघं एकमेकांशीच बोलायची. "भिंतीला कान असतात तसे मला आहेत," असं एकदा म्हणाली. विनोद करायचा तिचा तो शेवटचा प्रयत्न असावा. कॉलेजात तिचं लक्ष लागेना. मग दक्षिणेकडच्या एका संस्थेत तिला जागा मिळाली, उंदीर का मेले तेच शोधण्याची. मी म्हटलं, जा. इथे राहून कुणाचं भलं होतंय?

स्टेशनवर तिला सोडायला मी गेले, कारण दुसरं कुणी जाईल असं वाटत नव्हतं. दोन बॅगा, एक थर्माकोलचा खोका. गाडीला उशीर होता. तेवढ्यात प्लॅटफॉर्मच्या टोकाकडून म्हातारी येताना दिसली, इम्तियाज तिच्या खांद्यावर हात ठेवून चालत होता. ते आमच्यापाशी येऊन उभे राहिले. म्हातारीनं खजुराची पुडी बॅगेत कोंबली. इम्तियाजनं बहिणीसमोर उभं राहून मान वळवली आणि तो भलतीकडेच, वजनकाट्याकडे बघू लागला.

मला राग आला. एवढं स्टेशनपर्यंत यायचं आणि वर तोंड फिरवायचं. मी म्हटलं, "अरे, निघालीय ती. आता तरी बघ की तिच्याकडे."

"बघतोय तो, वहिनी," नजमा म्हणाली. "त्याचं मधलं गेलंय, कडेचं राहिलंय. कुणाला बघायचं असलं की त्याला मान वळवूनच बघावं लागतं."

इम्तियाज मान तशीच वळवून उभा राहिला. गाडी आली, हमाल धावले, लोक आमच्या अंगावरून चढू लागले. मी बॅगा आत टाकल्या आणि तिला हाक मारली. ती हलली नाही. कपाळावरचे केस तिनं मागे सारले, चेहरा थोडा उजेडाकडे केला आणि तशीच स्तब्ध उभी राहिली, त्याचं बघून होईपर्यंत.